सबीनाच्या गाडीचं कापड

परवा सकाळी एसी बंद करून मी खिडकी उघडली. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. खाली किराणा दुकानासमोर पाण्याच्या बाटल्यांचा ट्रक उभा होता, समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या उन्हात टाकल्या होत्या आणि हवेला तो वास होता, जो सोळा वर्षांत मला कुणाला नीट समजावून सांगता आलेला नाही. गार झालेल्या धुळीचा वास. दोह्यात थंडी अशी नाकातून कळते.

दुपारी ड्यूटीला जाताना बसच्या खिडकीतून बाकीचंही दिसलं. मोठ्या गाड्यांच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर घड्या घातलेले तंबू, पाण्याच्या टाक्या, जनरेटर. एकावर तर आख्खा सोफा दोरीने बांधलेला. कॅम्पिंगचा सीझन लागला. आता उन्हं पुन्हा कडक होईपर्यंत अर्धं शहर दर वीकेंडला वाळवंटात नाहीतर समुद्रावर असणार. बसमधल्या सगळ्या बायका खूश होऊन बघत होत्या. मी मात्र खिडकीवरून नजर काढली. गेल्या वर्षीचा सीझन अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

मी रेजिना. मूळची वसईची, इथे एका हॉस्पिटलात नर्स. फरीज बिन ओमरानमध्ये एका केरळी नर्सबरोबर फ्लॅट शेअर करून राहते. नवरा बेनी वसईलाच, वाडी आणि त्याच्या आजारी वडिलांना सांभाळतो. मुलगा तिकडे कॉलेजात आहे. आमचा संसार म्हणजे रोजचा व्हिडिओ कॉल आणि वर्षाची एक रजा. असे संसार इथे घरटी सापडतील, त्यामुळे त्याचं मला फार वाईट वाटत नसे. माझी धाकटी बहीण सबीना इथे येईपर्यंत.

सबीनाला मीच आणलं. तिचा सीव्ही मीच दहा ठिकाणी दिला, तिला एअरपोर्टवर घ्यायला मीच गेले. पहिले आठ महिने ती माझ्या पलंगावर झोपली आणि मी खाली गादी टाकून. आमच्या घरात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात, तशी ती मला बाय म्हणते. "बाय, तू नसतीस तर मी काय केलं असतं गं," हे तिने तेव्हा इतक्या वेळा म्हटलं होतं की मला ते पाठ झालं होतं. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडायचं.

मग तिला इथेच नेल्सन भेटला. आमच्याच बाजूचा, ऑफिसात चांगल्या हुद्द्यावर. लग्न झालं. तिया झाली. मुऐदरला एका व्हिलाचा मागचा भाग त्यांनी भाड्याने घेतला, पुढे अंगण असलेला. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सानंतर मी त्यांच्याकडे जेवायला जायचे. जेवण झालं की नेल्सन भांडी विसळायचा आणि सबीना पाय पसरून बसायची. तिया तिच्या मांडीत. मी ते बघायचे. तोंडाने म्हणायचे, "देवाने चांगलं केलं तुझं." ते खोटं नव्हतं. पण परत येताना बसमध्ये माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले असायचे, आणि घरी पोचल्यावर जबडा दुखायचा.

हेवा हा शब्द मी तेव्हा मनातसुद्धा उच्चारला नव्हता. मी त्याला थकवा म्हणायचे.

मग आली ती गाडी. नेल्सनच्या ऑफिसातला एक गोरा साहेब देश सोडून चालला होता. त्याचं जुनं मोटरहोम कुणी घेईना, म्हणून जवळजवळ फुकटात नेल्सनच्या गळ्यात पडलं. आत दोन पलंग, छोटा ओटा, संडास, सगळं. आणि एक नवल: उभ्या गाडीत बटण दाबलं की तिची एक बाजू टेबलाच्या खणासारखी बाहेर सरकायची आणि आतली खोली एकदम ऐसपैस व्हायची. त्या सरकत्या खोलीच्या डोक्यावर एक कापड होतं, लांब नळीवर गुंडाळलेलं. खोली बाहेर आली की कापड तिच्याबरोबर उलगडायचं आणि वरून छप्पर धरायचं, म्हणजे धूळ, पाणी, कचरा फटीत जात नाही. खोली आत गेली की नळीतली स्प्रिंग कापड ओढून परत गुंडाळून घ्यायची.

पण इथल्या उन्हाने ते कापड खाल्लं होतं. हात लावला की पिठासारखं बोटांना लागायचं. ऑक्टोबरच्या शेवटी एकदा जोराचा वारा सुटला आणि ते मधोमध फाटलं. अर्धं नळीला, अर्धं गाडीला, मध्ये चिंध्या.

गॅरेजवाल्याने सांगितलं, आख्खा सांगाडाच बदलावा लागेल, पार्ट बाहेरून येईल, तीन महिने लागतील. तीन महिन्यांत सीझन अर्धा संपला असता. "आपणच बदलू," सबीना म्हणाली. तिने आणि नेल्सनने रात्ररात्र व्हिडिओ बघितले. नवीन कापड मिळत होतं, जाड, मेणकापडासारखं. प्रश्न एकच होता. त्याच्या दोन्ही लांब कडांना दुमड घालून आत दोरी शिवायची होती. ती दोरीची कड एका बाजूला गाडीच्या भिंतीवरच्या खाचेत सरकते, दुसरीकडे नळीच्या खाचेत, आणि कापड त्यावरच तोलून राहतं. शिवण वाकडी झाली तर कापड तिरकं गुंडाळणार आणि पुन्हा फाटणार.

"बाय शिवेल," सबीना म्हणाली.

शिवण आमच्या आईची. पॅरिशमधल्या मुलींचे पहिल्या कम्युनियनचे झगे ती शिवायची. तिच्या मशीनपाशी बसून मी शिकले. सबीनाला तिथे दोन मिनिटंही बसवायचं नाही. आमच्या घरात माझ्या वाटणीला आलेली आणि तिला न मिळालेली एवढी एकच गोष्ट होती. म्हणून मी लगेच हो म्हटलं. आणि घरी येताना पुन्हा जबडा दुखला, कारण शिवणार मी आणि त्या कापडाखाली बसणार ती.

घरगुती मशीनला ते कापड झेपणारं नव्हतं. एशियन टाउनच्या पलीकडे इंडस्ट्रियल एरियात गाड्यांचे सीट आणि तंबू शिवणारा एक माणूस आहे, असं वॉर्डात दाखल असलेल्या एका ड्रायव्हरने सांगितलं. मी रजेच्या दिवशी कापडाचा गठ्ठा घेऊन गेले. माणूस निघाला बार्शीकडचा. दत्ताभाऊ. पन्नाशीचा, दाढीचे खुंट पांढरे, बायको-मुलं गावी. मी मराठीत बोलले तसा त्याने मशीन थांबवली.

"आमच्याकडं टाका की. संध्याकाळपर्यंत करून देतो," तो म्हणाला.

"मला स्वतः शिवायचंय. तुमचं मशीन थोडा वेळ द्याल का?"

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग स्टूल पुढे सरकवलं. "बसा. पण हे मशीन आडदांड हाय. पाय हलका ठेवा, न्हाईतर बोटावरनं जाईल."

मी शिवायला लागले. जाड सुई कापडात घुसताना टकटक आवाज करत होती. दत्ताभाऊ दुसऱ्या टोकाला कापड उचलून धरत होता, म्हणजे वजनाने शिवण ओढली जाऊ नये. पहिली कड झाली तेव्हा त्याने अंगठ्याने दाबत दाबत सगळी तपासली. "बाई, तुमचा हात चांगला हाय," म्हणाला. मग विचारलं, "बसवनार कोन?"

"माझी बहीण आणि मी."

तो गंभीर झाला. कोपऱ्यातून एक जुनी नळी त्याने ओढून काढली आणि तिचं टोक मला दाखवलं. "हे नीट बघा. आत स्प्रिंग हाय. हिला फिरवून ताण द्यायचा आन् ताण दिला की ह्या भोकात पिन घालायची. पिनचं टोक पलीकडनं बाहेर आलेलं दिसलं पायजे. दिसलं तरच हात लावायचा. अर्धी पिन बसली तर सटकती, आन् मग बोटं जातेत. माझ्या जोडीदाराचं गेलंय. बहिणीला पन सांगा."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. विसरले, असं पुढे कित्येक दिवस मी स्वतःला बजावत होते. पण विसरले नव्हते. त्या संध्याकाळी फोनवर सबीना म्हणाली, "व्हिडिओत सगळं आहे गं, पिन घातली की झालं," आणि मी गप्प बसले. सगळं तिलाच माहीत, सगळं तिच्याकडेच. एक एवढी गोष्ट तरी मला एकटीला माहीत असू दे, असं काहीतरी वाटलं. बसवताना मी बाजूला असणारच, तेव्हा सांगेन. मी सांगेन आणि ती म्हणेल, बाय, तू नसतीस तर.

जुनं कापड नेल्सनने आधीच उतरवून ठेवलं होतं, स्प्रिंगचा ताण हळूहळू सोडून. शुक्रवारी सकाळी नवीन बसवायचं ठरलं. आयत्या वेळी त्याला ऑफिसातून बोलावणं आलं आणि तो तियालाही शेजारी मैत्रिणीकडे सोडून गेला. अंगणात राहिलो आम्ही दोघी. दोन शिड्या, साबणाच्या पाण्याची बादली, आणि मी शिवलेलं ते राखाडी कापड.

पहिलं काम इतकं छान झालं की मी अजून ते आठवून हसते. खाचेत साबणाचं पाणी सोडलं, मी एका टोकाने दोरीची कड आत सरकवत गेले, सबीना दुसरीकडून ओढत गेली. कापड अडकलं की ती ओरडायची, "यल्ला, बाय, ढकल!" आणि मी ढकलायचे. लहानपणी गादीला खोळ घालताना आम्ही अशाच दोन टोकांना उभ्या राहायचो. अर्धा तास तरी मला जगात कुणाचा हेवा वाटला नसेल.

मग दुसरी कड नळीच्या खाचेत सरकवून नळी वर चढवली. माझ्या बाजूचं टोक साधं होतं, ते स्क्रूने लागलं. स्प्रिंगचं टोक सबीनाच्या बाजूला. मीच तिकडे जायला हवं होतं. तसं मी म्हटलंही. "राहू दे, मला येतं," ती म्हणाली आणि मोठ्या पकडीने ते फिरवायला लागली. मोजत होती. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. शेवटचा फेरा देऊन तिने पिन घातली. "झालं."

मी नळीला टेकून वाकले आणि तिच्या टोकाकडे बघितलं. पिनचं टोक पलीकडे आलेलं नव्हतं.

नेमकं तेव्हाच ती पकड सोडवत म्हणाली, "अगं, सांगायचंच राहिलं. आई येतेय. डिसेंबरात. दोन महिने. कालच हो म्हणाली. नेल्सन म्हणाला की समुद्रावर गाडीत झोपायला मिळेल, तर लगेच तयार."

आई. पंधरा वर्षं मी तिला बोलावत होते. तिकीट काढते म्हटलं, रजा टाकते म्हटलं, रूममेटला सांगून खोली मोकळी करून देते म्हटलं. दर वेळी एकच उत्तर: मी तिथे येऊन काय करू? आणि सबीनाकडे पहिल्याच बोलावण्यात हो. एका जुन्या गाडीत झोपायला.

मी पिनकडे बघत होते. तोंड उघडायला हवं होतं. मी श्वास घेतला आणि तो सोडेपर्यंत बोलले नाही. एवढंच केलं मी. एक श्वास.

"सबीना, हात—" मी म्हटलं तेव्हा तिची बोटं आधीच तिथे होती. पिन सटकली. नळी घरघर करत उलटी फिरली, टोकाची पट्टी गरगरली आणि सबीना ओरडली नाही. तिने नुसता "बाय" असा शब्द उच्चारला, अगदी बारीक, आणि शिडीला धरून खाली बसत गेली.

त्यानंतरचं सगळं मी नीट केलं. ते माझं कामच आहे. हात वर धरला, स्वच्छ फडक्याने दाबला, टॅक्सी बोलावली, तिला बोलतं ठेवलं. डाव्या हाताची मधली दोन बोटं. एकाचं हाड मोडलं होतं, दुसऱ्याचं कातडं सोलून निघालं होतं. इमर्जन्सीत सूज इतकी वाढली की लग्नाची अंगठी निघेना. शेवटी ती कापायला घेतली. अंगठी कापायच्या छोट्या चकतीचा किर्र आवाज होत होता आणि मी तिचं मनगट धरून उभी होते. सबीना माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "बरं झालं तू होतीस, बाय. तू नसतीस तर मी काय केलं असतं."

अंगठी दोन ठिकाणी कापली गेली. तुकडे मी रुमालात बांधून नेल्सनकडे दिले. तो मला थँक यू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मुऐदरला परत गेले. अर्धवट लटकणारं कापड बघवत नव्हतं. नेल्सन म्हणाला, "राहू दे बाय, गेलं चुलीत." पण मी शिडीवर चढले. फेरे मी दिले, पिन मी घातली, टोक पलीकडे आलेलं बोटाने चाचपून बघितलं, तीन वेळा. मग बटण दाबलं. खोली बाहेर सरकली आणि कापड तिच्यावर सरळ, ताठ, एकही सुरकुती न पडता उलगडत गेलं. इतकं चांगलं काम मी आयुष्यात क्वचित केलं असेल. नेल्सनने टाळ्या वाजवल्या. मी शिडी उचलून आत ठेवायला गेले.

पुढच्या शुक्रवारी मी फादरकडे पापनिवेदनाला गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, प्रार्थना सांगितल्या. मग विचारलं, "बहिणीला सांगितलं का?" मी म्हटलं, नाही. "मग माझ्याकडे अर्धंच काम झालंय," ते म्हणाले.

आई डिसेंबरात आली. जानेवारीत एका वीकेंडला आम्ही सगळे पश्चिमेच्या किनाऱ्यावर गेलो. तिथला समुद्र आमच्या वसईसारखा नाही. लाट नाही, गाज नाही. पाणी नुसतं ताटात वाढल्यासारखं पडून असतं. सबीनाच्या हाताची पट्टी निघाली होती, पण एक बोट पूर्ण वाकत नव्हतं. नेल्सनने खोली बाहेर काढली. आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, ती मान वर करून त्या कापडाकडे बघायला लागली. उठली, चष्मा चढवला, कडेवरून नजर फिरवत गेली.

"शिवण कुणाची?" तिने विचारलं. "सबीनाची तर नव्हे. हिचे टाके उड्या मारतात."

"बायची," सबीना हसत म्हणाली. "आणि तिनेच एकटीने बसवलं ते शेवटी."

आईने मान हलवली. तिची मान हलली की झगा पास, असं आम्ही लहानपणी म्हणायचो. ज्या क्षणाची मी पंधरा वर्षं वाट बघितली असेन तो असा आला, आणि मला तो घेता येईना.

दुपारी आई आत झोपली. नेल्सन आणि तिया शिंपले शोधायला लांब गेले होते. गाडीच्या मागच्या नळावर सबीना भांडी घासत होती, त्या बोटावर जोर येऊ नये म्हणून हात वाकडा करून. मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि सांगून टाकलं. दत्ताभाऊने काय सांगितलं होतं ते. मी काय सांगितलं नाही ते. पिनचं टोक दिसत नव्हतं ते. आईचं नाव ऐकून मी गप्प राहिले ते.

तिने नळ बंद केला.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"एक श्वास."

"म्हणजे तुला वेळ होता."

"होता."

"मी तुझ्या खांद्यावर रडले, बाय," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलं, बाय होती म्हणून वाचले." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. तिने ओला हात झग्याला पुसला आणि समुद्राच्या बाजूने चालत गेली. परतीच्या वाटेवर गाडीत ती पुढे बसली होती, मी मागे आईशेजारी. दीड तासात तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. तियाने मध्येच विचारलं, "व्हाय इज एव्हरीबडी सो क्वाएट?" आई म्हणाली, "दमलेत गं सगळे."

दोन शुक्रवार मी मुऐदरला गेले नाही. फोन केला नाही, आलाही नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दारावरची बेल वाजली. सबीना उभी होती, आणि तिच्या मागे जिना चढून दमलेली आई, हातात छोटी बॅग.

"आईला तुझ्याकडे राहायचंय," सबीना म्हणाली. "चार दिवस. तिच्या प्रेशरच्या गोळ्या बाजूच्या कप्प्यात आहेत." आत आली नाही. मी म्हटलं, चहा तरी घे. "नेल्सन खाली थांबलाय," म्हणाली आणि उतरून गेली. रागावलेलीच होती. पण तीन मजले चढून आईला माझ्या दारात तिने सोडलं, हे मी त्या दिवसापासून धरून आहे.

आईने माझा पलंग बघितला, खिडकी बघितली, भिंतीवरचा बेनीचा आणि मुलाचा फोटो सरळ केला. माझी रूममेट लीलाम्मा तिच्याशी मल्याळममिश्रित हिंदीत बोलायची आणि आई वसईच्या हिंदीत उत्तर द्यायची; दोघींचं छान जमलं. चार दिवस आईने माझ्या ओट्यावर स्वयंपाक केला. मी ड्यूटीवरून आले की ताट तयार.

तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना मी विचारलंच. "आई, मी इतकी वर्षं बोलावलं, तू आली नाहीस. सबीनाकडे लगेच आलीस."

तिचा हात थांबला. "तुझ्याकडे कशी येऊ? तू एकटी राबत होतीस. मी आले असते तर तू रजा घेतली असतीस, मला फिरवलं असतंस, जमिनीवर झोपली असतीस. मला कळत नाही का? सबीनाला करणारा माणूस आहे घरात. तिच्यावर भार टाकायला मला काही वाटत नाही." मग पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "तुझं मला वाटतं."

मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. आईला हे पंधरा वर्षांत फोनवर सांगता आलं नाही, आणि मलाही विचारता आलं नाही. मी नुसते मनात हिशेब मांडत राहिले, कुणाच्या वाटणीला काय आलं त्याचे.

आई फेब्रुवारीत परत गेली. उन्हाळा आला. सबीनाशी बोलणं सुरू झालं, पण कामापुरतं. तियाचा वाढदिवस, ईस्टरची मिस्सा, आईची तब्येत. मी पुन्हा माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "ते झालं गं. मला अजून थोडा वेळ दे." मी तिला घाई केली नाही. मागायचा हक्क मला नव्हता.

खिडकी उघडली त्याच परवाच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"आम्ही शुक्रवारी गाडी बाहेर काढतोय. छतावर धूळ साठलीय, कापड धुवायचंय. येशील?"

"येते," मी म्हटलं.

"पण एक ऐक, बाय. तुझ्या मनात असं काही आलं ना, माझ्याबद्दल, तर तिथल्या तिथे बोलायचं. मला काही वाटू दे, रडू येऊ दे, पण बोलायचं. उशिरा कळलेलं मला आता चालणार नाही."

"बोलेन."

आज शुक्रवार. सकाळी मिस्सा करून मी मुऐदरला गेले. अंगणात गाडी उभी होती, खोली बाहेर काढलेली, कापडावर उन्हाळ्याची सगळी धूळ. सबीना पायरीवर बसून बादलीत साबण कालवत होती. घरातून नेल्सन बाहेर आला. तिने काही सांगितलं नव्हतं, मागितलं नव्हतं. त्याने चहाचा मग तिच्या हातात दिला, तिच्या डोक्यावरची टोपी ऊन लागू नये अशी पुढे ओढली आणि आत गेला. सबीनाने मान वरही केली नाही. तिला त्याची इतकी सवय होती.

माझे दात एकमेकांवर बसले. मी ते ओळखलं.

"सबीना," मी म्हटलं, "मला आत्ता तुझा हेवा वाटला."

ती ढवळायची थांबली. "कशाचा?"

"न सांगता चहा आला त्याचा."

तिने मगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचं ते न वाकणारं बोट मगाच्या कानाबाहेर सरळ उभं होतं. मी तिकडे बघितलं आणि मी बघते आहे हे तिने बघितलं. क्षणभर मला वाटलं, ही उठून आत जाईल.

"नेल्सन!" ती दाराकडे तोंड करून ओरडली. "बायला पण चहा आण! साखर कमी!" मग माझ्याकडे वळली. "अजून काही?"

"सध्या एवढंच."

"बरं," ती म्हणाली. तिने चहा संपवून कप पायरीवर ठेवला, ओला ब्रश हातात घेतला आणि शिडी गाडीला टेकवली. पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबली. "यल्ला, उठ. धर शिडी. मी वर जाते."

मी दोन्ही हातांनी शिडी धरली. ती चढायला लागली.